माइनक्राफ्टमध्ये गोल्फचं मैदान

कमलनगर-उदगीर पट्ट्यात बहुतेकांना गोल्फ टीव्हीवरच भेटतो. माइनक्राफ्टमध्ये मात्र घरबसल्या मैदान आखता येतं.

मोजमाप सोपं: एक ठोकळा म्हणजे एक मीटर. दीडशे मीटरचं होल हवं तर दीडशे ठोकळे. गंमत अशी की चेंडू ज्यात पडतो त्या खऱ्या खड्ड्याचा व्यास फक्त १०८ मिलिमीटर असतो, म्हणजे एका ठोकळ्याचा खड्डासुद्धा नऊपट रुंद!

पूर्ण मैदानाचा १८ होल्सचा आकडा स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजचा. तिथं १७६४ मध्ये २२ चे १८ झाले. पण सगळी एकदम करायला जाऊ नये. ५० हेक्टरचं मैदान म्हणजे नुसत्या पृष्ठभागावरच ५ लाख ठोकळे. नवख्यानं एकच होल नीट करावं.

उतार हीच खरी डोकेदुखी. पूर्ण ठोकळ्यानं पायरी दिसते. अर्ध्या उंचीचे स्लॅब लांबवर पसरले की चढ बराच खरा वाटतो. बंकरसाठी लाल वाळू घ्यावी, बिदरच्या जांभ्या जमिनीशी रंग जुळतो. वाळूखाली पोकळी ठेवली तर वाळू कोसळते, हे ध्यानात असू द्या.

आणि चेंडू? फेकलेली वस्तू पॅक्ड आइसवर घसरते, खड्ड्यातला हॉपर ती गिळतो.

उतार जमत नसेल तर खाली विचारा.