न ताणणारा फुगा

आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडीला आली की तिथे मेंढ्यांचे रिंगण होते. ते पाहायला गेलात आणि फुगेवाला दिसला, तर एक लांबट फुगा घेऊन या. आपल्याला प्रयोग करायचा आहे.

जाड कागदाची पट्टी चिकटवून अंगठीएवढे कडे तयार करा. ते फुग्याच्या मध्यावर अडकवून फुगा फुंका. काय दिसते? कड्याच्या दोन्ही बाजूंना फुगा टम्म होतो, मध्ये मात्र आवळलेलाच राहतो. जणू डमरू! जिथे अडथळा नाही, तिथेच रबर ताणले जाते.

डॉक्टरांपुढे नेमकी हीच अडचण होती. हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरवणाऱ्या मुख्य रोहिण्या जेमतेम २ ते ४ मिलिमीटर रुंद. त्यांच्या आत मेदाचा थर साचला की रक्ताची वाट अरुंद होते, छातीत कळा येतात. कॅथेटर म्हणजे बारीक, लवचीक नळी. तिच्या टोकाला रबरी फुगा बसवून तिथे फुगवला, तर तो अडथळ्याच्या मागेपुढे फुगणार. रोहिणी फाटण्याची भीती, आणि अडथळा जागच्या जागी!

झुरिचच्या डॉ. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी यावर तोड काढली. घरातल्या स्वयंपाकाच्या टेबलावर खटपट करून त्यांनी पीव्हीसी प्लॅस्टिकचे फुगे बनवले. शेतात पाणी नेणारा चपटा पाइप तुम्ही पाहिला असेल. मोटार सुरू होताच तो गोल होतो, पण ठरावीक जाडीपुढे फुगत नाही. हा फुगाही तसाच. दाब वाढवला की तो रुंद होत नाही, कडक होतो, आणि अडथळा बाजूला रेटतो. १६ सप्टेंबर १९७७ रोजी ग्रुंट्झिग यांनी ३८ वर्षांच्या एका रुग्णाच्या हृदयाच्या रोहिणीत असा फुगा फुगवला. रुग्ण शुद्धीवर होता. वाट मोकळी झाली! हीच अँजिओप्लास्टी.

आज हे फुगे बहुधा नायलॉनसारख्या प्लॅस्टिकचे असतात. आत जाताना फुगा मिटलेल्या छत्रीसारखा नळीभोवती गुंडाळलेला असतो. मोटारगाडीच्या टायरमधला दाब साधारण २ वातावरणांएवढा; या फुग्यात तो ६ ते १२, कधी अधिकही असतो. फुग्यावर धातूच्या जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवून तीही आत ठेवता येते.

मूत्राशयात नळी टिकवून धरणारा फुगा मात्र मऊ आणि ताणणारा असतो. नळी निसटू न देणे, एवढेच त्याचे काम. जसे काम, तसा फुगा!

आता सांगा, रोहिणीतल्या फुग्यात हवा का भरत नाहीत? फुगा फुटलाच, तर हवेचा बुडबुडा रक्ताची वाट अडवील. म्हणून त्यात क्ष-किरणांत दिसणारे द्रव औषध सलाइनमध्ये मिसळून भरतात. त्यामुळे फुगा कुठे आणि किती फुगला, हेही पडद्यावर दिसते.