सामाईक तंत्रज्ञान आणि लघुउद्योगांची स्पर्धाक्षमता

चेन्नईतील तिरुवल्लिकेणी अर्थात ट्रिप्लिकेन येथे १९०४ मध्ये काही रहिवाशांनी एकत्र येऊन सहकारी भांडार स्थापन केले. ट्रिप्लिकेन अर्बन को-ऑपरेटिव्ह सोसायटी ही देशातील सर्वांत जुन्या ग्राहक सहकारी संस्थांपैकी एक मानली जाते. एकट्या कुटुंबाला न परवडणारी घाऊक खरेदी अनेकांनी मिळून केल्यास परवडते, हा तिच्यामागील साधा हिशेब. आज त्याच शहरातील लघुउद्योजकापुढे तोच प्रश्न धान्याऐवजी यंत्रांच्या बाबतीत उभा आहे. निर्मिती क्षेत्राच्या स्पर्धाक्षमतेसाठी केंद्र शासनाने आखलेल्या धोरणाचा एक भाग याच हिशेबावर उभारलेला आहे.

गिंडी आणि अंबत्तूर या औद्योगिक वसाहतींतील अनेक लहान कारखाने वाहनांचे सुटे भाग बनवतात. तीन अक्षांच्या यंत्रावर गुंतागुंतीचा भाग घडवताना तो वारंवार सोडवून पुन्हा बांधावा लागतो. प्रत्येक बांधणीत वेळ जातो आणि मापात सूक्ष्म फरक पडतो. पाच अक्षांच्या यंत्रावर एकाच बांधणीत बहुतेक बाजूंचे काम होते. मात्र यंत्र अर्धे विकत घेता येत नाही. अर्थशास्त्रात यालाच ‘अविभाज्यता’ म्हणतात. मागणी थोडी असेल तर महागडे यंत्र बराच काळ रिकामे राहते व प्रत्येक नगाचा सरासरी खर्च वाढतो. म्हणून उद्योजक ते घेत नाही. यंत्र नाही म्हणून अचूकतेची कामे मिळत नाहीत आणि कामे नाहीत म्हणून यंत्र घेता येत नाही.

२०११ च्या राष्ट्रीय निर्मिती धोरणाने दहा वर्षांत या क्षेत्राचा राष्ट्रीय उत्पन्नातील वाटा २५ टक्क्यांवर नेण्याचे आणि १० कोटी रोजगार निर्माण करण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. ते साध्य झाले नाही. २०२२-२३ मध्ये सकल मूल्यवर्धनातील वाटा स्थिर किमतींनुसार १७ ते १८ टक्क्यांच्या दरम्यानच होता. २०२० पासून १४ क्षेत्रांसाठी जाहीर झालेल्या, १.९७ लाख कोटी रुपयांच्या उत्पादनसंलग्न प्रोत्साहन योजनेत मुख्यतः वाढीव विक्रीवर अनुदान मिळते. साहजिकच ज्याची क्षमता आधीच मोठी, त्याला ती अधिक सोयीची ठरते.

या दृष्टीने भांडवली वस्तू क्षेत्राची स्पर्धाक्षमता वाढवण्याची योजना कमी चर्चिली गेली असली, तरी अधिक मूलगामी आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेचा दुसरा टप्पा जानेवारी २०२२ मध्ये अधिसूचित झाला. त्याच्या १,२०७ कोटी रुपयांपैकी ९७५ कोटी शासनाचे व २३२ कोटी उद्योगांचे. उद्योगांनी स्वतःचा पैसा घालावा ही अट महत्त्वाची आहे, कारण त्यामुळे बाजारात ज्याची गरज आहे असेच संशोधन हाती घेतले जाते. चेन्नईत आयआयटी मद्रासमधील प्रगत निर्मिती तंत्रज्ञान विकास केंद्र याच योजनेतून उभे राहिले. ‘समर्थ उद्योग’ उपक्रमाची चार केंद्रे पुणे, दिल्ली आणि बंगळूर येथे आहेत. त्यांपैकी पुण्याचे सी-फोर-आय-फोर लॅब कारखान्यांना संवेदक व माहिती विश्लेषणाचा वापर शिकवते.

तथापि, भांडाराची उपमा येथे थोडी तोकडी पडते. तांदळाचे एक पोते दुसऱ्यासारखेच असते. यंत्राचा मंगळवारचा तास आणि शुक्रवारचा तास सारखा नसतो. ग्राहकाने माल गुरुवारी मागितला असेल, तर शुक्रवारी मिळालेल्या पाळीचा उपयोग काय? शिवाय भागाचा आराखडा सामाईक केंद्रात नेताना तो प्रतिस्पर्ध्याच्या नजरेस पडण्याची भीती असते. पाच अक्षांचे यंत्र चालवणारा प्रशिक्षित कामगार मोठ्या कारखान्याकडे निघून जातो, तो खर्चही लघुउद्योजकाच्याच माथी.

विजेवर चालणाऱ्या वाहनांमुळे हा प्रश्न आता तातडीचा झाला आहे. पिस्टन, झडपा यांसारखे इंजिनाचे भाग त्या वाहनांना लागत नाहीत. हे भाग बनवणाऱ्या कारखान्याला नव्या उत्पादनाकडे वळायचे, तर नवी यंत्रे आणि नवे कौशल्य दोन्ही हवीत. मार्च २०२३ मधील एमएसएमई स्पर्धात्मक लीन योजनेत मार्गदर्शन व सल्ल्याच्या खर्चाचा ९० टक्के भार केंद्र उचलते. त्यातून अपव्यय कमी होतो, परंतु यंत्राचा प्रश्न सुटत नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात घोषित राष्ट्रीय निर्मिती अभियानाच्या पाच मुख्य विषयांत लघुउद्योग आणि तंत्रज्ञानाची उपलब्धता हे दोन्ही आहेत. ते कितपत पोहोचले, हे किती केंद्रे उघडली यापेक्षा त्या केंद्रांतील यंत्रांचे किती तास लहान कारखान्यांच्या कामासाठी वापरले गेले, या आकड्यावरून कळेल.