पिंगुळीची पोथी

आमच्या बीबी गावाकडे सप्ताहात कीर्तनकार उभा राहिला, की रावण कसा दिसतो हे ज्यानं त्यानं मनात ठरवायचं. कुडाळजवळच्या पिंगुळीतल्या ठाकर समाजाच्या चित्रकथ्यांनी ते श्रोत्यावर सोडलं नाही. रावण कागदावर काढला आणि समोर धरला.

चित्रांच्या या गठ्ठ्याला ते पोथी म्हणतात. एका पोथीत रामायण-महाभारतातलं एक आख्यान. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. एक प्रसंग संपला की कागद उलटायचा, पुढचा हजर. सांगणाऱ्याच्या हाती वीणा, साथीला हुडूक आणि टाळ. माणसं बहुतेक एका अंगानं काढलेली, डोळे टपोरे, रेषा ठसठशीत. देवळाच्या मंडपात मागं बसलेल्यालाही कोण कुणावर धावून जातंय ते कळलं पाहिजे ना! सावंतवाडीच्या भोसल्यांनी या मंडळींना आश्रय दिला. चित्रकथकाचा उल्लेख त्याच्याही आधी, बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात सापडतो.

तिकडे बोस्टनमध्ये 1842 साली, ख्रिस्ताच्या पुनरागमनाचं भाकीत करणाऱ्या विल्यम मिलरचे अनुयायी चार्ल्स फिच आणि अपोलोस हेल यांनीही अशीच सोय केली. कापडी तक्त्यावर दानिएलाच्या ग्रंथातला सोन्याच्या डोक्याचा पुतळा, श्वापदं, शेजारी वर्षांची बेरीज, आणि बेरजेच्या तळाशी 1843. तिथल्या अनुयायांच्या सभेला तो तक्ता एवढा पटला की शिळाछापाच्या 300 प्रती काढायचं ठरलं. ते वर्ष गेलं, नंतर ठरवलेला 22 ऑक्टोबर 1844 हा दिवसही तसाच मावळला. ख्रिस्ताचं पुनरागमन झालं नाही. तरीही पुनरागमनाची वाट पाहत टिकून राहिलेल्या ॲडव्हेंटिस्टांसाठी 1850 मध्ये ओटिस निकोल्स या शिळाछाप कारागिरानं नवा तक्ता तयार केला. त्या तक्त्यांवर हिशेबासकट सगळं लिहिलेलं, त्यामुळे हिशेब चुकला की तक्ताच बदलावा लागे. पोथीत सनावळी नाही आणि बराचसा मजकूर सांगणाऱ्याच्या तोंडी. तो रंगला तर चित्र रंगतं, एरवी नुसता कागद.

म्हणूनच सुटं चित्र चौकटीत घालून दिवाणखान्यात लावणं मला अर्धवट वाटतं. विक्रीनं घर चालतं, त्याला नावं कोण ठेवणार? पण पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली ती नुसत्या चित्रांसाठी नव्हे. गंगावणे कुटुंबानं गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्यांचे खेळही चालू ठेवले. पिंगुळीला गेलात तर आधी आख्यान ऐका, खरेदीचं नंतर बघा.