'परशुराम'चा जीर्णोद्धार

२७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख पलटणीचे जवान घेऊन श्रीनगरच्या धावपट्टीवर उतरलेल्या डाकोटा विमानांच्या स्मरणार्थ व्हीपी ९०५ हा क्रमांक आज ज्याच्या शेपटीवर रेखलेला आहे, ते भारतीय हवाई दलाचे 'परशुराम' त्या दिवशीचे मूळ विमान नव्हे, हे आरंभीच नमूद केले पाहिजे. आयर्लंडमध्ये भंगारात जमा होऊ पाहणारे हे विमान, आपले वडील हवाई दलात डाकोटाचे वैमानिक होते या ऋणभावनेने, राजीव चंद्रशेखर यांनी २०११ मध्ये स्वखर्चाने घेतले आणि ब्रिटनमध्ये त्याचा जीर्णोद्धार करविला. ते हवाई दलास नजर करण्याचा प्रस्ताव सरकारदरबारी प्रथम नामंजूर झाला. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यास मंजुरी मिळाली.

अशा कामात रंगरंगोटी सर्वांत गौण. खरी कसोटी लागते ती पंखांच्या सांध्यांत दडलेला गंज हुडकताना, सुकाणूच्या सांगाड्यावर नवे कापड ताणून चढविताना आणि चौदा सिलिंडरांची, प्रत्येकी सुमारे १,२०० अश्वशक्तीची दोन्ही एंजिने उकलून त्यांतील लहानमोठा प्रत्येक भाग पारखताना, कारण प्रदर्शनात मांडावयाच्या विमानास जी तडजोड खपते ती उडणाऱ्या विमानास प्राणघातक ठरते. म्हणूनच, माझ्या मते, या विमानाचा सर्वांत मोठा गौरव असा की ते जहाजावर लादून आणले गेले नाही. युरोप व अरबस्तान ओलांडीत, स्वतःच्या पंखांवर ते एप्रिल २०१८ मध्ये जामनगरला उतरले आणि मे महिन्यात हिंडनच्या तळावर हवाई दलात रीतसर दाखल झाले.