किमोनंतरची उचकी केसपेपरवर यायला हवी

शिरपूरचा कॅन्सर रुग्ण किमोसाठी धुळ्याला, नाशिकला नाहीतर थेट परळच्या टाटा रुग्णालयात जातो. केस गळतील, उलट्या होतील, हे त्याला आधीच सांगितलेलं असतं. उचकीचं नाव सहसा निघत नाही, आणि ती लागते ती बहुधा घरी परतल्यावर, पहिल्या दोन-तीन दिवसांत. कुणीतरी आठवण काढतंय म्हणत घरचे चमचाभर साखर देतात. साध्या उचकीला तेवढं पुरतं. पण ४८ तास उलटूनही न थांबणारी उचकी घास गिळू देत नाही, झोपू देत नाही. आधीच खंगलेल्या माणसाचं वजन यातही घटतं.

छाती आणि पोटामधलं श्वासपटल एकाएकी आकसतं आणि लगेच स्वरयंत्राची फट मिटते, ती उचकी. किमोत संशय जातो तो सिस्प्लॅटिनवर आणि गंमत म्हणजे उलट्या थांबवायला दिल्या जाणाऱ्या डेक्सामेथासोनवर. हा त्रास पुरुषांत जास्त दिसतो. दक्षिण कोरियातल्या एका चाचणीत डेक्साऐवजी मिथाइलप्रेडनिसोलोन दिलं, तेव्हा उचकीचा जोर ओसरला आणि उलट्याही बळावल्या नाहीत. म्हणजे उपाय आहे. पण तो डॉक्टरांनी किमोच्या पुढच्या सायकलआधी करायचा, आणि त्यांना कळलं तरच. मग डेक्सा आपणच बंद करावं का? मुळीच नको, उलट्या उसळतील. मेडिकलमधून उचकीची गोळी आणणंही धोक्याचं. उचकीवर दिलं जाणारं बॅक्लोफेन शरीराबाहेर पडतं मुख्यतः मूत्रपिंडांतून आणि सिस्प्लॅटिन घाव घालतं तेही मूत्रपिंडांवरच.

एवढ्याशा गोष्टीसाठी मोठ्या डॉक्टरांना कशाला त्रास, असं पुष्कळांना वाटतं. किमो थांबवतील अशी भीतीही असते. पण कळवण्याचा फायदाच होतो: न्यूयॉर्कमधल्या ७६६ रुग्णांच्या अभ्यासात, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, किमो चालू असताना आपली लक्षणं नियमित कळवणारे रुग्ण इतरांपेक्षा मध्यकानुसार सुमारे पाच महिने जास्त जगले. तिथं संगणक आणि फोन करणाऱ्या नर्स होत्या, इथं कुठून आणायच्या, हा आक्षेप खरा आहे. पण काही काम साध्या फोनवरही होतं. डिस्चार्ज कार्डावर ताप आला तर कळवा असं लिहितात, त्याच ओळीत दोन दिवस न थांबणारी उचकी आणि एक फोन नंबर लिहायला कुठलं यंत्र लागत नाही.