मानसीताईंचं अर्धं मैदान

तेरखेडा म्हटलं की फटाके आले, आणि सोलापूर-धुळे महामार्गही आला. फटाक्याच्या दारूचं काम जोखमीचं, रस्त्यावर ट्रकची भीती. कुणाचा हात-पाय गेला की आपल्या तोंडून पहिला शब्द निघतो, 'संपलं बिचारीचं.' म्हणून आज आम्ही मानसी जोशी यांच्याविषयी सांगणार आहोत.

मानसीताई मुंबईत वाढल्या. लहानपणी वडिलांनी बॅडमिंटन शिकवलं. पुढं इंजिनिअर होऊन नोकरीला लागल्या. डिसेंबर 2011 मध्ये दुचाकीवरून कामावर जाताना ट्रकनं धडक दिली. डावा पाय वाचवायची खटपट झाली, पण जखम चिघळली आणि पाय कापावा लागला. वय 22.

कृत्रिम पायावर चालायला शिकणं म्हणजे पाय बांधला नि निघाले, असं नसतं. तोल नव्यानं साधावा लागतो, घासून कातडी सोलते. चालता येऊ लागल्यावर त्यांनी पुन्हा रॅकेट धरली. 2015 च्या जागतिक स्पर्धेत मिश्र दुहेरीत रौप्य मिळालं. 2018 मध्ये त्या सरावासाठी हैदराबादला गोपीचंद यांच्या अकादमीत गेल्या. ऑगस्ट 2019 मध्ये स्वित्झर्लंडच्या बासेल शहरात अंतिम सामन्यात त्यांची गाठ पडली भारताच्याच पारुल परमार यांच्याशी. 21-12, 21-7. मानसीताई जगज्जेत्या झाल्या! त्याच आठवड्यात, त्याच शहरात पी. व्ही. सिंधूही जिंकल्या. गाजावाजा कुणाचा जास्त झाला, ते तुम्हीच आठवा.

आता या खेळाचे नियम. दिव्यांग खेळाडूंचे गट असतात. मानसीताईंचा गट एसएल-3, म्हणजे उभं राहून खेळणारे, पण पायाचं अपंगत्व जास्त असलेले. एकेरीत त्यांना मैदान रुंदीनं अर्धंच असतं. लांबी मात्र पूर्ण, नेट तेवढंच उंच, गेमही 21 गुणांचाच. म्हणजे दया नाही, फक्त मैदान बेताचं केलेलं. पुढं-मागं पळावं लागतंच, तेही एका पायाच्या जोरावर. आणि एवढं करून टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये महिलांच्या या गटाची एकेरीच ठेवली नव्हती. ती आली थेट 2024 मध्ये, पॅरिसला. तिथं मानसीताई खेळल्या; पदक मिळालं नाही.

ऐकता ऐकता गटातल्या एकीनं विचारलं, "त्या शिकलेल्या, मुंबईच्या. आपल्या पोरीला कोण देणार पाय?" प्रश्न खरा आहे. सुरुवात कागदापासून होते. दिव्यांगाच्या यूडीआयडी कार्डासाठी ऑनलाइन अर्ज करायचा, मग सरकारी दवाखान्यात तपासणी. बहुतेक योजनांना किमान 40 टक्के अपंगत्व लागतं. शिवाय ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. आपल्याकडं ते कुठं गेले, हे ग्रामसभेत विचारायचं आम्ही ठरवलंय. दोघीतिघींनी एकदम उठायचं, म्हणजे कुणी खाली बसवत नाही.

बैठक संपल्यावर पोरींनी शाळेच्या मैदानावर फक्कीनं रेघा मारल्या. लांबी 44 फूट, आणि मधोमध एक उभी रेघ.