तारापूरची अणुभट्टी आणि शीतयुद्ध

दुसऱ्या महायुद्धानंतर भांडवलशाही अमेरिका आणि साम्यवादी सोव्हिएत संघ एकमेकांशी थेट लढले नाहीत. इतर देशांना आपल्या बाजूला ओढण्याची त्यांची चढाओढ मात्र अनेक दशके चालली. हेच शीतयुद्ध. अलिप्ततेचे धोरण स्वीकारलेल्या भारताने मदत दोघांकडूनही घेतली. १९५८ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या आयआयटीला युनेस्कोमार्फत सोव्हिएत यंत्रसामग्री आणि तज्ज्ञ मिळाले. तारापूरला १९६९ मध्ये जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीच्या दोन अणुभट्ट्या सुरू झाल्या.

पण भट्टी ज्याची, इंधनही त्याचेच! तारापूरला लागणारे समृद्ध युरेनियम अमेरिका ३० वर्षे देणार, असा करार १९६३ मध्ये झाला होता. १९७४ मध्ये भारताने पोखरणला अणुचाचणी केली. जो देश आपली सर्व अणुकेंद्रे आंतरराष्ट्रीय तपासणीला खुली करणार नाही, त्याला इंधन द्यायचे नाही, असा कायदा अमेरिकेने १९७८ मध्ये केला आणि तारापूरचा पुरवठा अडला. १९८२ मध्ये तोडगा निघाला, तो फ्रान्सकडून इंधन घेण्याचा. पुढे चीननेही ते दिले. २००१ मध्ये रशियाकडून आले. अमेरिकन भट्टीत रशियन इंधन. सोव्हिएत संघ विसर्जित होऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती.